चिठ्ठीबरहुकूम

"तुझ्या वहीत माझंबी नाव हाय म्हणं," आबा शिडीवरून म्हणाले.

मी खाली शिडी धरून उभा होतो. वर आबा श्रीकृपा मेडिकलच्या पाटीवर इंग्रजी एमची शेवटची दांडी ओढत होते. त्या क्षणी माझा हात हलला असता तर शिडी हलली असती आणि त्या दुकानाचा एम जन्मभर तिरका राहिला असता. म्हणून मी हललो नाही.

"कोण म्हणालं?"

"हिंदुराव. हाटेलात वही इसरलावतास न्हवं? त्यानं दावली मला. 'आबा' एवढं वाचता आलं. बाकीचं इंग्रजी."

"आहे तुमचं नाव," मी म्हणालो.

"काय लिवलंयस?"

एमची दांडी खाली आली. ती अशी सरळ आली की तिच्यावर ओळंबा तपासावा. आबांचं शिक्षण मराठी चौथी. इंग्रजी त्यांना एक अक्षर वाचता येत नसे, पण ती सव्वीसच्या सव्वीस अक्षरं त्यांच्याइतकी देखणी आमच्या तालुक्यात कोणी काढत नव्हतं.

"म्हणजे... खोल विचार करणारा," मी म्हणालो.

"खोल."

"हो."

"बरं," आबा म्हणाले. त्यांनी ब्रश डब्याच्या काठावर निपटला, एक पायरी खाली उतरले आणि मान तिरकी करून एमकडे बघत राहिले. "मग दसऱ्याला आपल्या पाटीवरबी घालू की."

शब्द होता 'ऑब्ट्यूस'. खोल विचाराशी त्याचा काही संबंध नाही. समोरच्याने पुन्हापुन्हा समजावून सांगितलं तरी ज्याच्या डोक्यात शिरत नाही, त्याला इंग्रजीत तसं म्हणतात. मराठीत मठ्ठ म्हटलं तरी चालेल. तो मी माझ्या वहीत, माझ्या हाताने, स्वच्छ अक्षरात, माझ्या बापाच्या नावापुढे लिहिला होता. दसऱ्याला चौदा दिवस होते.

हे शहाऐंशी सालचं. मी बी.कॉम. होऊन घरी बसलो होतो आणि बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करत होतो. अभ्यास म्हणजे बावडेकर सरांचा क्लास. सर हायस्कुलातून निवृत्त झाले होते आणि पिठाच्या गिरणीच्या माडीवर राहायचे. खाली गिरणी सुरू असायची आणि वर इंग्रजी. तासाभराने उतरलो की माझे केस पांढरे झालेले असायचे, त्यामुळे गावात माझ्या विद्वत्तेबद्दल चांगलं मत होतं.

सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "लोहार, बँकेच्या पेपरात अक्कल तपासत नाहीत. अकलेचे शब्द तपासतात. आपण तिथूनच सुरुवात करू."

अकलेला इंग्रजीत किती शब्द आहेत हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. आपल्याकडे हुशार म्हटलं की काम भागतं. इंग्रजांना भागत नसावं. व्यवहारातला हुशार निराळा, माणसं ओळखणारा निराळा, धोका आधीच हुंगणारा निराळा, आणि म्हातारपणी शहाणा झालेला आणखी निराळा. पाठ करून पाठ होईनात. मग सरांनी त्यांची पद्धत सांगितली.

"शब्दाला माणूस चिकटव. गावातला, रोज दिसणारा. माणूस दिसला की शब्द आठवला पाहिजे. आणि एका शब्दाला एकच माणूस. दोन चिकटवलेस तर पेपरात दोघांचं भांडण लागतं, आणि घंटा होते."

मी दोनशे पानी वही घेतली. डाव्या बाजूला शब्द, उजव्या बाजूला माणूस. 'श्रूड' म्हणजे व्यवहारात पक्का, तो हिंदुराव हॉटेलवाला; एका दुधात सकाळची आणि संध्याकाळची गिऱ्हाइकं तो सारखीच खूश ठेवायचा. 'कॅनी' म्हणजे सावधपणे हुशार, ती तानीबाई भाजीवाली. तिने कोथिंबिरीची जुडी अजून कोणाला उलगडून बघू दिली नव्हती. 'ॲस्ट्यूट' म्हणजे धूर्तपणे परिस्थिती ओळखणारा, ते बाजार समितीचे सचिव बाळासाहेब माने. तीन अध्यक्ष आले नि गेले, सचिव तेच. 'परसेप्टिव्ह' म्हणजे न सांगता ओळखणारा, ते जनावरांच्या दवाखान्यातले कंपाउंडर रशीदभाई. म्हैस दारातून आत येतानाच तिचं कुठे दुखतंय ते सांगायचे. आणि 'पर्स्पिकेशस', म्हणजे आरपार बघणारा, हा सगळ्यांत लांब शब्द मी बावडेकर सरांना दिला. क्लास त्यांचाच होता.

मग सर म्हणाले, "आता विरुद्धार्थी." त्याच दिवशी सांगलीचा माणूस आमच्या घरी येऊन गेला होता.

सांगलीचा माणूस म्हणजे शर्टाच्या खिशाला दोन पेनं लावलेला एक उद्योगी गृहस्थ. त्याने छपाईचं यंत्र घेतलं होतं. जाळीतून रंग ढकलायचा की पाटी तयार, एकसारख्या शंभर. त्याला आमच्या तालुक्यात भागीदार पाहिजे होता. आबांच्या हातात धंदा होता, ओळखी होत्या. तो तासभर बोलला. आबांनी त्याला दोनदा चहा दिला आणि सगळं नीट ऐकून घेतलं. शेवटी त्यांनी विचारलं, "पन मग अक्षर कोन काडनार?"

"शामराव, मशीन काढणार."

"त्ये कळलं. पन अक्षर कोन काडनार?"

त्या माणसाने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. जाळी, रंग, शंभर पाट्या. आबांनी मान डोलावली आणि तिसऱ्यांदा तेच विचारलं. सांगलीच्या माणसाने माझ्याकडे बघितलं. शिकलेला मुलगा शिकलेल्या माणसाकडे बघतो तसं मीही त्याच्याकडे बघितलं. तो गेला आणि पलूसच्या एका पेंटरला भागीदार करून मोकळा झाला.

मी माडीवर गेलो, वही उघडली आणि ऑब्ट्यूसपुढे 'आबा' लिहिलं. शब्द एका झटक्यात पाठ झाला. सरांची पद्धत खरोखर चांगली होती.

पुढचं काम हिंदुरावच्या हॉटेलाने केलं. मी वही टेबलावर विसरलो आणि हिंदुरावने ती पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितली. नावं मराठीत असल्यामुळे कोण कोण आहे ते त्याला कळलं. कोण काय आहे ते कळलं नाही. माझा अंदाज होता की तो चिडेल. तो गिरणीच्या माडीवर गेला, स्वतःच्या शब्दाचा अर्थ सरांना विचारून आला आणि संध्याकाळी आमच्या दारात चिठ्ठी घेऊन हजर झाला.

इथे आबांच्या चिठ्ठीबद्दल सांगितलं पाहिजे. आबा चिठ्ठीशिवाय काम घेत नसत. काय लिहायचं ते गिऱ्हाइकाने कागदावर लिहून आणायचं आणि आबांनी ते पाटीवर जसंच्या तसं उतरवायचं, काना-मात्रासुद्धा न बदलता. एका डॉक्टरने स्वतःच्या पदवीतलं एक अक्षर गाळून चिठ्ठी दिली होती; आबांनी ती पदवी एक अक्षर कमी असलेली, पण अतिशय सुबक लिहिली. डॉक्टर भांडायला आला तेव्हा आबांनी खिळ्याला अडकवलेली चिठ्ठी काढून दाखवली. "बदलायचं आसंल तर नवी चिठ्ठी द्या. चिठ्ठीभायेर मी जात न्हाई."

हिंदुरावच्या चिठ्ठीवर सरांच्या हातचा 'श्रूड' होता.

"शामराव, हाटेलाच्या नावाखाली हे घालायचं. लाल रंगात."

"काय हाय ह्ये?"

"आमी हाय," हिंदुराव म्हणाला. "तुमच्या पोरानं वळखलं. इंग्रजीत आमच्यासाठी येगळा शब्द हाय, ठावं न्हवतं."

चार दिवसांत हॉटेलावर श्रूड लागला. तो बघून बाजार समितीचे माने चिठ्ठी घेऊन आले. त्यांना ॲस्ट्यूट हा शब्द दाराच्या पाटीवर नावानंतर स्वल्पविराम देऊन पाहिजे होता, पदवीसारखा. रशीदभाईंनी पाटी नको म्हणून सांगितलं, पण शब्द सायकलच्या मडगार्डवर घालून घेतला. तानीबाईने विचारलं की शब्द घातल्यावर लोक भाव करायचे थांबतील का. आबा म्हणाले, सांगता येत नाही. मग तिने घातला नाही, आणि तिला दिलेला शब्द किती बरोबर होता हे सिद्ध केलं.

गावाची सगळी अक्कल आबांच्या ब्रशने पाट्यांवर चढत होती. मला आधी गंमत वाटत होती. आबा शिडीवरून मला विचारेपर्यंत वाटत होती.

दसऱ्याला पाटी बदलायची ही आमच्या घरची रीत. लोक हत्यारांना पॉलिश करतात. आबा 'शाम आर्ट्स' ही स्वतःची पाटी उतरवून त्यावर रंगाचा नवा हात मारायचे, नाव नव्याने लिहायचे. ते काम अष्टमीला. नवमीला ब्रश आणि डबे पूजेत जायचे ते दसऱ्याचं सोनं लुटल्यावरच बाहेर. आणि दसऱ्याला दारावर चढलेली पाटी पुढच्या दसऱ्यापर्यंत कोणी उतरवायची नाही. तेव्हा अष्टमीला जे लिहिलं जाईल ते वर्षभर आमच्या दारावर राहणार होतं.

आबांनी शिडीवरून विचारलं त्याच दिवशी मी वहीतलं ते पान फाडलं. संध्याकाळी आबांनी खिशातून विडीचं पाकीट काढलं, त्यातून घडी घातलेला कागद काढला आणि माझ्यापुढे धरला.

"ह्योच न्हवं?"

त्यांनी हिंदुरावच्या हॉटेलातच शब्द उतरवून घेतला होता. माझ्या वहीतलं अक्षर त्यांनी चित्रासारखं काढलं होतं, मी टीची आडवी रेघ जराशी लांबवली होती ती लांबीसुद्धा सोडली नव्हती.

"हाच," मी म्हणालो.

"बराबर उतारलाय?"

"अगदी बरोबर."

"पैलं अक्षर ग्वाल हाय. त्ये फार चांगलं. पाटीची सुरवात ग्वाल अक्षरानं झाली की डोळा ठरतो," आबा म्हणाले आणि चिठ्ठी खिळ्याला अडकवली.

मी धावत गिरणीवर गेलो. सर खुर्चीत बसून शेंगा सोलत होते. मी सगळं सांगितलं. फक्त सांगलीचा माणूस गाळला.

"आता तुझं म्हणणं काय?" सरांनी विचारलं.

"सर, आबा अर्थ विचारायला आले तर तुम्ही खोल विचार करणारा असं सांगाल?"

"शब्दाचा अर्थ विचारला तर मी खोटं सांगत नाही. एवढी एकच शिस्त राहिली आहे माझी."

"मग काय करू?"

"कशाची काळजी आहे तुला? ते मला विचारायला येतील ही?"

"हो."

"येणार नाहीत," सर म्हणाले आणि एक शेंग फोडली.

"नक्की?"

"नक्की. त्याबद्दल तू निर्धास्त राहा. शेंगा घे."

मी निर्धास्त झालो आणि शेंगा घेतल्या. इतका वेळ खाली धडधडणारी गिरणी नेमकी बंद पडली होती, म्हणून शेंगांचा आवाज फार मोठा येत होता.

राहता राहिली आई. तिला मी शब्दाचा अर्थ सांगितला. ती भाकरी थापत होती. तिने थापणं थांबवलं नाही.

"मग सांगून टाक की त्यास्नी."

"काय सांगू? मी तुम्हाला मठ्ठ म्हणालो म्हणून?"

"म्हनालास न्हवं?"

"त्यांना कुठं कळतंय इंग्रजी. उगाच सांगून दुखवायचं. पाटीवर शब्दच नको म्हणून काहीतरी कारण सांग ना तू. त्या इंग्रजी शब्दाने नाव झाकोळतं असं सांग."

आईने भाकरी तव्यावर टाकली आणि पाण्याचा हात फिरवला. "आनंदा, पंचवीस वरसं झाली तुझा बाप माझ्या हातची आमटी खातुया. मीठ कदी जास्त, कदी कमी. एकदाबी बोललं न्हाईत. म्हून त्यास्नी चव न्हाई असं मी धरून चालत न्हाई."

मला ते तेव्हा आमटीबद्दल वाटलं.

परीक्षा अष्टमीच्या आदल्या दिवशी, रविवारी, सांगलीला होती. मी सकाळच्या एसटीने गेलो. इंग्रजीच्या पेपरात सरांनी सांगितल्याप्रमाणे अकलेचे शब्द आले होते आणि माझं गाव माझ्यासाठी एकेक करून उभं राहिलं. श्रूड आला तेव्हा हिंदुरावने चहाचा कप पुढे केला. ॲस्ट्यूटला मानेसाहेब खुर्चीतून न उठता हसले. सदतिसावा प्रश्न होता, परसेप्टिव्हच्या विरुद्धार्थी शब्द निवडा. म्हणजे माझ्यासाठी प्रश्न असा होता की रशीदभाईंच्या उलट कोण. चार पर्याय होते. तिसऱ्या पर्यायात आबा शिडीवर उभे होते.

मी तिसऱ्यावर खूण केली. उत्तर बरोबर आहे याची मला शंभर टक्के खात्री होती. पेपर संपल्यावर बाहेरच्या नळावर मी बराच वेळ तोंड धूत राहिलो, तोवर मागे रांग लागली.

अष्टमीला सकाळी उठून बाहेर आलो तर पाटी अंगणात दोन डब्यांवर आडवी ठेवलेली होती. पिवळा हात आदल्या दिवशीच देऊन वाळला होता. वर 'शाम आर्ट्स' तयार होतं. खाली खडूने दोन रेघा मारून पट्टी आखली होती, आणि पट्टीत पाच अक्षरं रंगवून झाली होती. निळा रंग, पांढरी सावली. शेवटचा ई नुसता खडूत होता.

आबांच्या हातून मी हजारो अक्षरं उतरलेली बघितली होती. ही तसली नव्हती. ओ असा होता की त्यात पाणी ओतलं तर सांडू नये. ब्रशची कडा कुठे सुरू झाली आणि कुठे उचलली हे शोधून सापडत नव्हतं.

"कसं झालंय?" आबांनी विचारलं.

"चांगलं झालंय."

"खोल विचार करनारा."

आबांनी बारीक ब्रश घेतला, रंगात बुडवला, काठावर निपटला. ईची उभी दांडी ते घेणार, तेवढ्यात मी म्हणालो, "आबा, थांबा."

ब्रश पाटीपासून दोन बोटांवर थांबला.

"तसा नाही अर्थ त्याचा."

"मग कसा हाय?"

बी.कॉम. झालेल्या माणसाला एक शब्द उच्चारायला किती वेळ लागावा? समोरच्या पिंपळावरून एक कावळा उडाला, परत येऊन बसला, आबांचा ब्रश तसाच अधांतरी, आणि त्यातून रंगाचा एक थेंबही खाली पडला नाही.

"मठ्ठ," मी म्हणालो.

"आसं."

"म्हणजे, समजावून सांगितलं तरी ज्याला समजत नाही तो."

"व्हय. सरांनीबी हेच सांगितलं."

"कोणत्या सरांनी?"

"बावडेकर. हिंदुरावच्या हाटेलात चिठ्ठी उतारली त्याच दिवशी गेल्तो. अर्थ ठावं नसताना मी कुनाची पाटी लिवली तर चालतंय, त्ये गिऱ्हाईक जानं. पन आपल्या पाटीवर काय लिवायचं त्ये इचारायला नगं?"

मी हिशेब केला. हिंदुरावच्या हॉटेलात वही सापडली सोमवारी. आबांनी मला शिडीवरून विचारलं ते पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी.

"म्हणजे शिडीवरून विचारलंत तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हुतं की."

"मग विचारलंत कशाला?"

त्यांनी वाकून ईची उभी दांडी घेतली, मग वरची आडवी, मग खालची. मधली सगळ्यात शेवटी. ईवर त्यांनी दुसरा हातही मारला, आणि बाकीच्या अक्षरांवर नसताना तिसराही.

"आबा, आता अर्थ कळलाय ना? मग पूर्ण कशाला करताय? पुसा ते."

"अर्धं अक्षर ठिवत न्हाई मी."

"मग आता झालं ना पूर्ण? आता पुसा."

आबांनी ब्रश रॉकेलमध्ये घातला आणि खिळ्याकडे बोट केलं. खिळ्याला ती चिठ्ठी होती. "चिठ्ठीबरहुकूम लिवलंय. चिठ्ठी तुझी हाय. बदलायची आसंल तर नवी दे."

"काय लिहू?"

"गिऱ्हाइकाला मी कदी सांगितलंय काय लिवायचं?" ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. मेडिकलवाल्याशी बोलताना असायचा तोच आवाज. "उद्या पूजेच्या आदी दे. एकदा बरश पूजेत गेलं की मग मला हात लावता यायचा न्हाई."

मी माडीवर गेलो नाही. घरातच मागच्या खोलीत चिठ्ठीएवढा कागद घेऊन बसलो. मला हुशारीचे अठ्ठेचाळीस इंग्रजी शब्द पाठ होते, आदल्याच दिवशी त्यांतल्या बऱ्याच शब्दांवर मी मार्क मिळवून आलो होतो. श्रूड लिहायला घेतला तर हिंदुराव आला. ॲस्ट्यूट मानेसाहेबांनी सोडला नाही. परसेप्टिव्ह लिहावासा फार वाटला, पण तो रशीदभाईंच्या मडगार्डवरून रोज गावभर फिरत होता. पर्स्पिकेशस, आरपार बघणारा. तो सरांना मी क्लाससाठी म्हणून दिला होता. आता तो काढून घ्यावा तर सरांनी मला शेंगा खाऊ घातल्या होत्या आणि एक अक्षर खोटं सांगितलं नव्हतं. एकही शब्द त्याच्या माणसापासून सुटेना.

डिक्शनरीत नवे शब्द होते, ज्यांना अजून कोणी चिकटलेलं नव्हतं. मी दोन-तीन काढलेही. पण जो शब्द मी लिहीन त्याचा अर्थ आबा विचारून येणार होते. आणि तो शब्द त्यांच्या पोराने एका दिवसात घाईने शोधून आणलाय, हेही त्यांना कोणाला विचारावं लागणार नव्हतं.

नवमीला सकाळी आईने पाट मांडला, ब्रश एका ओळीत ठेवले, झेंडू आणले. आबा अंघोळ करून आले आणि माझ्यापुढे हात केला. मी चिठ्ठी दिली.

त्यांनी ती बघितली. उलटून मागची बाजू बघितली. पुन्हा पुढची बघितली.

"कोरी हाय."

"हो."

"आसंच लिवू?"

"हो."

मग खिळ्यावरची जुनी चिठ्ठी काढून त्यांनी विडीच्या पाकिटात घातली आणि नवी खिळ्याला अडकवली. पाटावरून एक चपटा ब्रश उचलला. आई म्हणाली, "अवो, पूजा." ते म्हणाले, "गिऱ्हाईक खोळंबलंय."

निळी अक्षरं वाळली होती. आबांनी त्यांच्यावर पिवळा हात दिला, तो वाळू दिला, दुसरा दिला. मग बारीक ब्रशने पट्टीच्या चारी बाजूंना निळी किनार काढली आणि कोपऱ्यांत लहान फुलं घातली. आत काही नाही. सकाळची पूजा संध्याकाळी झाली.

दसऱ्याला पाटी चढली. लोकांनी विचारलं, नावाखाली ही मोकळी जागा कशाची. आबा सांगायचे, "चिठ्ठी कोरी आल्ती."

बँकेची यादी लागली त्यात मी शेवटून दुसरा होतो. माझ्या खालच्याला माझ्याहून एक मार्क कमी होता, त्याच्या खाली रेघ होती आणि रेघेखालच्या पहिल्यालाही तेवढेच मार्क होते. दोन मार्क कमी पडते तर मी रेघेखाली असतो, आणि सदतिसावा प्रश्न दोन मार्कांचा होता. मी पेढे आणले. आबांनी विचारलं, "अकलेचं शब्द आलं हुतं का?" मी म्हणालो, आले होते. ते म्हणाले, "मंग चांगलं."

त्यानंतर दर अष्टमीला, मी कुठल्याही शाखेत असलो तरी, सुट्टी काढून घरी यायचो. आबा नाव नव्याने लिहायचे आणि मग हात पुढे करायचे. "चिठ्ठी?" मी कोरा कागद द्यायचो. ते दोन्ही बाजू बघायचे, खिळ्याला अडकवायचे आणि किनार नव्याने काढायचे. सतरा वर्षं. मधल्या काळात पाट्या छापून यायला लागल्या, पलूसच्या भागीदाराचं छपाईयंत्र भंगारात गेलं आणि त्याच्याहून मोठं आलं, श्रूडवर पाऊस पडून पडून नुसता डी उरला. आबांनी सांगलीच्या माणसाचं नाव कधी काढलं नाही. सतराव्या वर्षी चिठ्ठी घेताना त्यांचा हात थरथरत होता, पण किनार सरळ आली.

आता ती पाटी माझ्याकडे आहे. गेल्या महिन्यात घराला रंग द्यायचा होता, म्हणून ती भिंतीवरून उतरवून ठेवली. रंगारी पन्नाशीचा, मिरजेकडचा होता. दुपारी भाकरी खाऊन तो पाटीजवळ बसला आणि तिच्या मोकळ्या पट्टीवरून अंगठा फिरवत राहिला.

"सायेब, ह्या पिवळ्याखाली अक्षरं हाईत," तो म्हणाला. "मोजून सा. हाताला लागत्यात. सेवटचं सगळ्यात जाड हाय. लई मोठ्या मानसाचं काम हाय हे."

"हो."

"आसलं अक्षर कुनी पुसतंय व्हय? कुनाचं नाव हुतं?"

मी पाटी त्याच्या हातातून घेतली.

"माझं," मी म्हणालो.